यंत्र आत्ता कुठल्या मोडमध्ये आहे? मानव-संगणक संवादाचा जरा वेगळा इतिहास

अर्धविराम (धागाकर्ता)

मानव-संगणक संवादाचा इतिहास म्हटलं की उपकरणांची यादी सुरू होते. पंच कार्ड, टर्मिनल, माऊस, खिडक्या, टचस्क्रीन, आणि आता बोलणारी यंत्रं. यादी बरोबरच आहे. पण मला या विषयात जास्त रस आहे तो एका जुन्या प्रश्नामुळे: चांगली शिकलेली, सरावलेली माणसं त्याच त्या ठिकाणी तीच ती चूक का करतात?

सुरुवात संगणकाच्याही आधीची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं सुखरूप उतरायची, धावपट्टीवर वेग कमी व्हायचा, आणि मग वैमानिक फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला उघडणाऱ्या पट्ट्या) मिटवायच्या ऐवजी चाकंच मिटवून बसायचा. विमान पोटावर. अहवालात शेरा ‘वैमानिकाची चूक’. १९४३ मध्ये अल्फॉन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं, तर दोन्ही नियंत्रणं शेजारी शेजारी आणि हाताला अगदी सारखी लागणारी. सी-४७ विमानात ती अशी नव्हती, आणि तिथे हा प्रकारही होत नव्हता. उपाय साधा निघाला. चाकांच्या नियंत्रणाला छोट्या रबरी चाकाची मूठ आणि फ्लॅपच्या नियंत्रणाला पाचरीच्या आकाराची. अंधारातही हाताला कळतं. मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत या मुठींचे आकार आजही ठरवून दिलेले आहेत.

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून गणले गेलेले ४६० अनुभव तपासले. सर्वात मोठा वाटा एका नियंत्रणाच्या जागी दुसरं वापरण्याचा होता. माणसाला बदलून फार उपयोग नाही, मांडणी बदलायला हवी, ही समजूत इथून पक्की होत गेली.

आता संगणकाकडे. झेरॉक्सने १९७० मध्ये पालो आल्टोला पार्क ही प्रयोगशाळा काढली. तिथे १९७३ मध्ये आल्टो हा संगणक झाला आणि त्यावर बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो हा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा-दुरुस्त करायचा प्रोग्राम, लिहिला. कागदावर जसं छापलं जाईल तसं पडद्यावर दिसणारा एडिटर, त्या काळात चमत्कारच. पण त्यात दोन मोड होते. एका मोडमध्ये कळ दाबली की अक्षर उमटायचं, दुसऱ्यात तीच कळ म्हणजे हुकूम. समजा तुम्ही हुकमाच्या मोडमध्ये आहात हे विसरलात आणि ‘एडिट’ हा शब्द टाइप केलात. ई म्हणजे एव्हरीथिंग: सगळा मजकूर निवडला. डी म्हणजे डिलीट: सगळा उडाला. आय म्हणजे इन्सर्ट: आता लिहा. टी: उमटलं. सबंध दस्तऐवजाच्या जागी एक ‘टी’.

लॅरी टेस्लर याने याच गोष्टीविरुद्ध आयुष्यभर मोहीम चालवली. पार्कमध्ये नुकत्याच रुजू झालेल्या, संगणकाची सवय नसलेल्या एका सेक्रेटरीला त्याने रिकाम्या पडद्यासमोर बसवलं आणि विचारलं, इथे एक पान आहे असं समज, त्यात या दुरुस्त्या कशा करशील? ती जे बोलली ते साधारण असं: जिथे घालायचंय तिथे बोट दाखवीन आणि टाइप करीन. मोड बदलण्याची कल्पनाच तिच्या मनात आली नाही. त्यातून टेस्लर आणि टिम मॉट यांनी एका पाठ्यपुस्तक प्रकाशनासाठी जिप्सी हा एडिटर केला. कट, कॉपी, पेस्ट आज ज्या रूपात आपण वापरतो त्याचं मूळ तिथे. टेस्लरच्या गाडीची नंबरप्लेट ‘नो मोड्स’ अशी होती, इतका तो या बाबतीत हट्टी.

माझं म्हणणं असं, की इंटरफेसच्या (माणूस यंत्राशी ज्यातून बोलतो तो पडदा, कळा, बटणं) निम्म्याहून अधिक तत्त्वांचं मूळ एकाच जागी सापडतं: यंत्राची स्थिती एक, आणि माणसाच्या डोक्यातली यंत्राची स्थिती दुसरी. तुम्हाला काय वाटतं?

टंकनिका

छान धागा. ‘एडिट’चा किस्सा वाचून पोटात गोळा आला. कॅप्स लॉक हाही मोडच ना? पासवर्डच्या चौकटीत तर फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे लॉक चालू आहे हे कळायला मार्गच नाही. आता काही ठिकाणी ‘कॅप्स लॉक चालू आहे’ असं बारीक अक्षरात येतं, पण सगळीकडे नाही.

अर्धविराम

@टंकनिका, अगदी. आणि शिफ्ट हा त्याच कामाचा दुसरा मार्ग. शिफ्ट दाबून धरावी लागते, बोट उचललं की मोड संपला. जेफ रॅस्किन, ज्याने मॅकिंटॉश प्रकल्प सुरू केला, तो दाबून धरायच्या या प्रकाराला क्वाझीमोड म्हणायचा आणि साध्या मोडऐवजी तोच वापरा म्हणायचा.

यावर १९९२ चा एक छान प्रयोग आहे, अॅबिगेल सेलन, गॉर्डन कुर्टेनबाख आणि बिल बक्स्टन यांचा. एडिटरचा मोड बदलायला काही लोकांना कीबोर्डची कळ दिली, काहींना पायाखालचं पेडल. काहींना पडद्याचा रंग बदलून मोड दाखवला. पेडल दाबून धरणाऱ्यांच्या मोडच्या चुका कमी झाल्या. रंग डोळ्यासमोर असतो, पण लक्ष मजकुरात असतं. पायाच्या स्नायूंना मात्र विसर पडत नाही.

जुना_टर्मिनलवाला

थोडा विरोध नोंदवतो. मी रोज व्हीआय हा जुना, मोडवर चालणारा एडिटर वापरतो आणि माझे मोड कोणी काढून घेतले तर मी भांडेन.

बिल जॉयने १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तेव्हा तो एडीएम-३ए टर्मिनलवर आणि ३०० बॉडच्या मोडेमवर काम करत होता. म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं. पडदा पुन्हा रंगवायचा म्हणजे तुम्ही तोवर पाणी पिऊन यावं. त्या टर्मिनलला बाणाच्या वेगळ्या कळा नव्हत्या, एच-जे-के-एल याच कळांवर बाण छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये आजही त्याच कळांनी कर्सर हलतो. आणि एस्केपची कळ आपल्या आजच्या टॅबच्या जागी, करंगळीच्या आवाक्यात. त्या परिस्थितीत मोड हा शहाणा निर्णय होता. एका अक्षरात हुकूम देता यायचा.

आजही, माणूस पुरेसा सरावला की मोड हातात मुरतात. मला ‘आपण कुठे आहोत’ हा प्रश्न पडत नाही, कारण थांबलो की एस्केप दाबायची सवय आहे. टेस्लरने नवख्या माणसाला विचारलं. वीस वर्षं रोज तेच काम करणाऱ्याला विचारलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं.

चौकस

जुना_टर्मिनलवाला यांच्याशी सहमत. धाग्यात डग्लस एंगलबार्ट गायब आहे, आणि हीच त्याची बाजू होती. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याने दीड तासाचं जे प्रात्यक्षिक दिलं त्यात माऊस, हायपरटेक्स्ट (दुव्यांनी एकमेकांना जोडलेला मजकूर), दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा आणि दोघांनी मिळून एकाच पडद्यावर केलेलं काम, सगळं होतं. लोक माऊस तेवढा लक्षात ठेवतात. त्याच्या डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचं एक साधन असायचं, पियानोच्या सुरांसारख्या एकत्र दाबायच्या पट्ट्या, त्यातून सगळी अक्षरं आणि हुकूम. शिकायला वेळ लागायचा. एंगलबार्टला त्याचं काही वाटत नव्हतं. माणसाची बुद्धी वाढवायची आहे, मग थोडं शिकायला काय हरकत आहे, हा त्याचा विचार.

आणि जे. सी. आर. लिकलायडरने १९६० मध्येच मांडलं होतं की माणूस आणि संगणक जोडीने विचार करतील. त्याने स्वतःच्या कामाच्या वेळेची नोंद ठेवून पाहिली, तर ‘विचार’ म्हणून धरलेल्या वेळातला सुमारे ८५ टक्के वेळ विचार करायच्या तयारीत जात होता. माहिती शोधणं, आलेख काढणं वगैरे. चूक टाळणं हे त्याचं ध्येयच नव्हतं.

अर्धविराम, तुझा इतिहास चुकांच्या बाजूने झुकलाय असं मला वाटतं. इव्हान सदरलँडने १९६३ मध्ये एमआयटीत स्केचपॅड केला तो कुणाची चूक सुधारायला नव्हे. प्रकाशाच्या पेनने वेड्यावाकड्या चार रेघा काढायच्या, ‘या समांतर, या काटकोनात’ असं सांगायचं, की आकृती आपोआप नीट बसायची. हा निखळ आनंदाचा इतिहास आहे.

अर्धविराम

@चौकस, मान्य, स्केचपॅड माझ्या चौकटीत बसत नाही. त्याला मी ओढूनताणून बसवणारही नाही.

पण एंगलबार्टबद्दल एक पुरवणी. त्याच्या गटाने माऊस हवेत निवडला नव्हता. प्रकाशाचं पेन, जॉयस्टिक, माऊस, आणि टेबलाखाली बसवलेलं गुडघ्याने हलवायचं एक साधनसुद्धा, सगळ्यांची मोजणी केली. सरावलेल्या लोकांत माऊस सरस ठरला. पुढे १९७८ मध्ये पार्कच्या स्टुअर्ट कार्डने, बिल इंग्लिश आणि बेटी बर यांच्याबरोबर, हीच मोजणी फिट्सच्या नियमाला लावून पाहिली. (तोच फिट्स, विमानवाला. त्याचा नियम १९५४ चा: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान तितका तिथे पोचायला वेळ जास्त, आणि हा वेळ लॉगरिदमने वाढतो.) निष्कर्ष असा की माऊसचा वेग जवळपास नुसत्या हाताच्या वेगाइतकाच. म्हणजे अडथळा उपकरणाचा उरलाच नव्हता. याहून फार भारी उपकरण कोणी आणेल ही भीती संपली आणि झेरॉक्सला माऊस बाजारात आणायला आधार मिळाला.

सांधेबदल

मोडवाल्यांसाठी विमानाचंच उदाहरण देतो. सरावलेल्या माणसाला मोड मुरतात हे खरं, पण किती खरं ते बघा.

२० जानेवारी १९९२, एअर इंटर फ्लाइट १४८, एअरबस ए३२०, स्ट्रासबर्गला उतरत होतं. खाली उतरण्याचा वेग ठरवायची एकच मूठ, आणि तिचे दोन मोड. एकात आकडा म्हणजे उताराचा कोन, दुसऱ्यात मिनिटाला किती फूट. ३.३ अंशाचा कोन दिला तर छोट्या पडद्यावर ‘-३.३’. मिनिटाला ३,३०० फूट दिलं तर ‘-३३’. फरक एका टिंबाचा! चौकशीने सर्वात संभाव्य मानलेलं कारण हेच, की वैमानिकांच्या मनात कोन होता आणि यंत्र वेगाच्या मोडमध्ये होतं. विमान डोंगरावर आदळलं, ८७ जण गेले. नंतर त्या पडद्यावर वेग चार आकडी दाखवायला लागले.

व्हीआयमध्ये चूक झाली तर ‘यू’ दाबून परत येता येतं. तिथे ती सोय नव्हती.

जुना_टर्मिनलवाला

हे मानलं. माझ्या वाक्यात एक अट घालतो: मोड चालतील, जिथे परतीची वाट असेल तिथे.

रात्रपाळी

मी वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरची चाचणी करते. आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याला पहिल्या आठवड्यात थेरॅक-२५ वाचायला देतात. जून १९८५ ते जानेवारी १९८७, कॅनडा आणि अमेरिका, किरणोपचाराचं यंत्र, सहा अपघात, प्रचंड मात्रा.

बहुतेक लोक ‘प्रोग्रामिंगची चूक’ एवढंच सांगतात. ती होतीच. पण टेक्सासमधल्या टायलर शहरातल्या पहिल्या अपघाताचा क्रम जवळून पाहण्यासारखा आहे. ऑपरेटर बाईंनी उपचाराचा प्रकार ‘एक्स’ टाकला, म्हणजे एक्स-रे. हवा होता ‘ई’, इलेक्ट्रॉन. रोजच्या सवयीने लगेच लक्षात आलं. वर जाऊन ई केलं, बाकीच्या रकान्यांवरून एंटर एंटर करत खाली आल्या. हे सगळं आठ सेकंदांच्या आत. यंत्राचे चुंबक जागेवर यायला साधारण तेवढाच वेळ लागायचा आणि त्या काळात झालेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळलीच नाही. पडद्यावर ई, आत भलतंच. उपचार सुरू केला तर ‘मालफंक्शन ५४’. मॅन्युअलमध्ये त्याचा नीट अर्थ नाही. असे संदेश रोजचेच, आणि पुढे जायला ‘पी’ दाबायची मुभा. त्यांनी पी दाबलं. आत रुग्णाला दुसऱ्यांदा झटका बसला. खोलीतला आवाज ऐकू येणारी यंत्रणा त्या दिवशी बिघडलेली, कॅमेऱ्याचा पडदा जोडलेला नव्हता.

आता ज्याने माझी झोप उडाली ती गोष्ट. आधी ऑपरेटरना सगळे आकडे दोनदा टाकावे लागायचे, खोलीत यंत्रावर आणि बाहेर टर्मिनलवर. त्यांनी तक्रार केली की यात फार वेळ जातो. म्हणून कंपनीने सोय केली: नुसतं एंटर दाबलं की आतला आकडा बाहेर उतरेल. वापरायला सोपं झालं. आणि पडताळणीची दुसरी पायरी नावापुरती उरली. शिवाय आधीच्या थेरॅक-२० मध्ये तीच चूक होती, पण तिथे वेगळे विद्युत संरक्षक होते, त्यामुळे नुसता फ्यूज उडायचा. थेरॅक-२५ मध्ये ते काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला.

‘सोपं करा’ हे तत्त्व म्हणून मला अर्धवट वाटतं. काय सोपं करायचं ते विचारायला हवं.

टंकनिका

@रात्रपाळी, ताई, अंगावर काटा आला. पण मग ‘खात्री आहे का? हो / नाही’ अशा चौकटी जागोजागी टाकायच्या का? त्या तर मीसुद्धा न वाचता बंद करते.

रात्रपाळी

नाही, त्या चौकटी म्हणजे दुसरा ‘पी’. चाचणीत लोकांच्या शेजारी बसून बघितलं की कळतं: चौकट पूर्ण उमटायच्या आत माऊस ‘हो’वर पोचलेला असतो. जिथे कृती मागे घेता येते तिथे विचारू नये, करून टाकावं आणि ‘परत घ्या’ द्यावं. इंटरफेसचे अभ्यासक बेन श्नायडरमन यांच्या १९८० च्या दशकातल्या आठ सुवर्णनियमांत हा स्वतंत्र नियम आहे. जिथे मागे घेता येत नाही तिथेच अडवावं, आणि तेही नुसतं ‘हो’ पुरणार नाही अशा रीतीने. काय पुसलं जाणार आहे त्याचं नाव टाइप करायला लावणं, वगैरे.

कुतूहल

अमेरिकेतल्या हवाई राज्याचं उदाहरण राहिलं ना! १३ जानेवारी २०१८, ‘क्षेपणास्त्र येतंय’ असा संदेश अख्ख्या राज्याच्या फोनवर गेला. मेनूमध्ये सराव आणि खरा इशारा हे पर्याय जवळजवळ होते म्हणून चुकीच्या जागी क्लिक झालं.

सांधेबदल

@कुतूहल, सुरुवातीला तसंच छापून आलं होतं. नंतरच्या सरकारी चौकशीत वेगळं निघालं: संदेश पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याला तो सराव आहे हे कळलंच नव्हतं, त्याला हल्ला खरा वाटला होता. त्यामुळे ‘मेनूमुळे’ म्हणता येणार नाही. इंटरफेसचा दोष होता तो पुढे. ‘मघाचा इशारा खोटा’ असं सांगायचा संदेश तयारच नव्हता. तो फोनवर पोचायला ३८ मिनिटं लागली.

कुतूहल

ओके, हे माहीत नव्हतं. म्हणजे पुन्हा रात्रपाळी यांचाच मुद्दा.

चौकस

धागा अपघातांची जंत्री होत चाललाय बरं का. :)

तरी एक भर घालतो, कारण ती अर्धविरामच्या मूळ मुद्द्याला थोडी वळवते. थ्री माइल आयलंड हे अमेरिकेतलं अणुऊर्जा केंद्र, २८ मार्च १९७९. अणुभट्टीचा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता, पण नियंत्रण कक्षातला त्याचा दिवा विझलेला. कारण तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवत नव्हताच. व्हॉल्व्हला ‘बंद हो’ असा विद्युत संदेश गेला की नाही, एवढंच दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ पाणी वाहत राहिलं. इथे मोड कुठलाच नाही. यंत्राने आपण काय सांगितलं ते दाखवलं, काय झालं ते नाही. डिझाइनचा अभ्यासक डॉन नॉर्मन ज्याला मूल्यमापनाची दरी म्हणतो ती ही. काय करायचं ते कळत नाही ही एक दरी, आणि केलं त्याचं काय झालं ते कळत नाही ही दुसरी.

आजच्या बहुतेक अॅपमध्ये ‘संदेश पाठवला’ची खूण कशाची असते, विचार करून बघा. काही ठिकाणी एक खूण आणि दोन खुणा असा फरक ठेवलाय तो याचसाठी.

अर्धविराम

@चौकस, हे आवडलं. ‘मोड’ हा शब्द मी फार ताणला होता, ‘स्थिती दिसणं’ म्हणू या. जेकब नील्सनच्या इंटरफेससाठीच्या १९९४ च्या दहा नियमांतला पहिला नियम हाच आहे.

कुतूहल

मग आता आपण एआयशी गप्पा मारतो, त्या चौकटीचं काय? तिथे तर काहीच दिसत नाही. रिकामी पट्टी आणि लुकलुकणारा कर्सर.

जुना_टर्मिनलवाला

म्हणजे आम्ही १९७६ मध्ये होतो तिथेच तुम्ही परत आलात! फरक इतकाच की आमच्या प्रॉम्प्टला चुकीचा हुकूम दिला तर तो सरळ ‘कळलं नाही’ म्हणायचा.

सांधेबदल

हे हसण्यावारी नेऊ नका. जोसेफ वायझेनबाउमने १९६६ मध्ये एलायझा केला तेव्हाच दिसलं होतं की उत्तर वाक्यात आलं की लोक समोर समज आहे असं धरून चालतात. त्याचा प्रोग्राम समोरच्याचीच वाक्यं फिरवून परत देत होता. आताची यंत्रं कितीतरी जास्त करतात, पण आधीच्या संभाषणातलं काय धरून ती बोलताहेत आणि काय सोडून दिलंय, ते पडद्यावर कुठे दिसतं? अर्धविरामचा प्रश्न जसाच्या तसा उभा आहे.

टचस्क्रीनचंही तेच. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाच्या जॉन एस. मॅकेन या जहाजाची एका टँकरशी टक्कर झाली, दहा नौसैनिक गेले. इंजिनांचा ताबा दुसऱ्या नियंत्रण-टेबलाकडे द्यायचा होता, टचस्क्रीनवर त्याच्याबरोबर सुकाणूचाही ताबा तिकडे गेला. सुकाणूवरच्या माणसाला वाटलं सुकाणू निकामी झालं. पुढे नौदलाने वेग नियंत्रणाचे दांडे पुन्हा हाताने हलवायचे करायचं ठरवलं.

टंकनिका

एक कामाचा प्रश्न विचारू का? आमच्या ऑफिसच्या प्रणालीत नोंद ‘बघा’ आणि ‘दुरुस्त करा’ अशा दोन प्रकारे उघडते. दोन्हीकडे फॉर्म हुबेहूब सारखा. लोक ‘बघा’मध्ये टाइप करत बसतात, अक्षरं उमटत नाहीत, मग फोन येतो की कीबोर्ड बिघडला. दोन्ही एकच करून टाकावं का?

रात्रपाळी

जमलं तर एकच करा. नसेल जमत (परवानग्या वगैरे असतात), तर ‘बघा’मधल्या चौकटी काढून टाका. नुसता मजकूर ठेवा, कागदावर छापल्यासारखा. चौकट दिसली की माणूस त्यात टाइप करणारच. आणि मजकुरावर क्लिक केलं की तिथेच दुरुस्ती सुरू व्हावी, वर जाऊन बटण शोधायला लावू नका.

अर्धविराम

+१. आणि बाहेर पडताना ‘बदल जतन करायचे का’ विचारू नका, मसुदा म्हणून ठेवून द्या.

टंकनिका

मसुदा ठेवला आणि दोघांनी तीच नोंद उघडलेली असली तर?

जुना_टर्मिनलवाला

ते दुखणं वेगळं. दोन मसुदे राहू द्या, आणि जो नंतर जतन करेल त्याला आधीच्याने काय बदललं ते शेजारी शेजारी दाखवा. नुसतं ‘नोंद बदलली आहे, पुन्हा प्रयत्न करा’ असं टाकलंत तर फोन दुप्पट येतील.